मानफूचं बूड

"उद्यापासून तुम्ही चित्रं काढायला जायचं," असं युएशियाने जाहीर केलं आणि तव्यावरचं अंड्याचं घावन उलटलं.

ल्याओ त्या वेळी मोजपट्टी घेऊन तिच्या मागे उभा होता. जन्मभर त्याने भूमापन कचेरीत राहून लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्याची नजर बायकोच्या न्याहारीच्या दुकानाकडे वळली. तिची घावनं एकसारखी गोल नसतात, सोयाबीनच्या दुधाचं पातेलं दारापासून गैरसोयीच्या अंतरावर आहे आणि रांग खरं तर डावीकडून लागायला हवी, हे त्याने तिला सप्रमाण दाखवून दिलं होतं. मग गिऱ्हाइकांनाही दाखवून दिलं होतं. काही गिऱ्हाइकं आता समोरच्या दुकानात जाऊ लागली होती.

"चित्रं? मला कुठं येतात चित्रं?"

"येत नाहीत म्हणूनच जायचं. याओ बाईंचा वर्ग आहे. बाई सगळ्यांना समुद्रावर घेऊन जातात आणि अंधार पडेपर्यंत सोडत नाहीत. मी नीट चौकशी केलीय."

चौकशी नेमकी चित्रकलेची केली की अंधाराची, हे ल्याओने विचारलं नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं.

याओ बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. चण चिमणीएवढी, टोपी हनुवटीखाली घट्ट बांधलेली, आणि आवाज असा की त्यांनी "पाणी बदला!" म्हटलं की धक्क्यावरचे पक्षीसुद्धा जागा बदलत. त्यांचा नियम एकच होता. "जे दिसतं ते काढा. जे माहीत आहे ते काढू नका." वर्गातले बाकीचे म्हातारे-म्हाताऱ्या हे ऐकून मान डोलवत आणि आपल्याला हवं ते काढत. ल्याओने मात्र आयुष्यभर नियमपुस्तिकेबरहुकूम काम केलं होतं. बाईंचं वाक्य त्याने वरिष्ठांचा लेखी आदेश समजून मनावर घेतलं.

पण समुद्र आदेश पाळणारा नव्हता. पहिल्या दिवशी वाऱ्याने कागद नेला. दुसऱ्या वेळी कागद राहिला, छत्री गेली. दमट हवेत रंग वाळायचं नाव घेईनात. सकाळी लावलेलं आकाश दुपारी हळूच ओघळून डोंगरात उतरायचं. पाण्याचा रंग जमवता जमवता असा काही जमला की शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमनने विचारलं, "पालकाचं सूप का?" आणि सगळ्यांत वाईट म्हणजे समोरचं काहीच जागेवर राहत नसे. सावल्या सरकत, लाटा फिरत, होड्या निघून जात.

"बाई, जमीन बरी," ल्याओ कळवळून म्हणाला. "एकदा आखली की हलत नाही."

"मग बंदरात चला," बाई म्हणाल्या. "बांधलेल्या बोटी काढा. बांधलेली वस्तू कुठं जाते?"

तेवढ्यासाठी वर्ग बाइशीच्या छोट्या बंदरात आला. मोसम उजेडाला भुलणाऱ्या माकुळांचा, म्हणजे स्क्विडचा होता. बोटी रात्री मोठमोठे दिवे पेटवून समुद्रावर जात आणि दिवसभर धक्क्याला बांधलेल्या असत. ल्याओने घडीचं स्टूल मांडलं, अंगठा आणि पेन्सिल धरून मापं घेतली आणि समोरच्या बोटीची निवड केली. निळ्या-लाल पट्ट्यांची, जरा जुनी, पण अंगानं भरलेली बोट. पुढच्या टोकावर ठसठशीत नाव होतं: मानफू.

सकाळभर त्याने झपाटल्यासारखं काम केलं. आधी आकाश. मग धक्का, धक्क्याची प्रत्येक फरशी. मग पाणी, जिथवर दिसलं तिथवर, एका सरळ रेषेत. मग मानफूचं पुढचं टोक, त्यावरचं नाव, नावाखालचा नोंदणी क्रमांक, त्या क्रमांकातला अर्धवट खरवडला गेलेला आकडासुद्धा. जेवणाच्या डब्याची वेळ झाली तेव्हा बोटीचा मागचा भाग तेवढा राहिला होता.

"वा," पोस्टमन म्हणाला. "फोटोच."

जेवण झालं. भात पोटात गेल्यावर ल्याओला झाडाखाली जरा डुलकी लागली. उठून स्टुलावर बसला, अंगठा धरला, पेन्सिल धरली, आणि चक्रावला. बोटीचा मागचा भाग धक्क्याच्या फरशांशी ताडून पाहिला तर खूपच खाली येत होता. त्याने पुन्हा माप घेतलं. पुन्हा तेच. मध्यंतरी ओहोटी लागून पाणी हातभर उतरलं होतं आणि पाण्याबरोबर बोटही उतरली होती, हे त्याला समजत होतं. पण समजणं म्हणजे माहीत असणं, आणि माहीत आहे ते काढायचं नव्हतं. दिसत होतं ते काढायचं होतं. त्याने मनाचा हिय्या केला आणि मानफूचं बूड जिथं दिसलं तिथंच काढलं.

अडचण एवढीच होती की कागदावरचं पाणी सकाळचं होतं.

संध्याकाळी त्याने चित्र मासळीच्या शेडजवळ कठड्याला चिमटे लावून वाळत टाकलं आणि ब्रश धुवायला गेला. परत येतो तो चित्रासमोर ही गर्दी! त्याला वाटलं, लोकांना आवडलं.

"कुणी काढलंय हे?" गर्दीतून आवाज आला.

"मी," ल्याओ नम्रपणे म्हणाला. "शिकतोय अजून."

गर्दी दुभंगली. समोर एक धिप्पाड माणूस उभा होता. पायात रबरी बूट, गालात सुपारी. तो मानफूचा मालक आतुंग होता. त्याच्या शेजारी त्याची बायको पाओचू तोंडावर हात ठेवून चित्राकडे बघत होती.

"काका," आतुंग शांतपणे म्हणाला, आणि ती शांतता काही चांगली नव्हती. "माझी बोट तुमच्या चित्रात काय करतेय?"

"उभी आहे."

"उभी? बूड पाण्याखाली, तोंड आभाळाकडे. ह्याला आमच्यात उभी म्हणत नाहीत."

ल्याओने पाहिलं. मघापासून तो एकेका इंचाकडे पाहत होता, आता पहिल्यांदाच सगळं एकदम पाहिलं. मानफू बुडत होती. शंकाच नको. तिचं नाव तेवढं स्वच्छ वाचता येत होतं, म्हणजे कोणती बोट बुडतेय याबद्दलही शंका नको.

"अहो, ती ओहोटीमुळे..." त्याने समजावायला सुरुवात केली. "पुढचा भाग भरतीचा आहे, मागचा ओहोटीचा."

"आणि मधला?" पाओचू किंचाळली. "आमच्या घरात ताटातला मासासुद्धा उलटा करत नाहीत हो, बोट उलटेल म्हणून! वरची बाजू खाल्ली की काटा उचलून खालची खातात. आणि तुम्ही आख्खी बोट बुडवून वर वाळत घातलीत? चारचौघांत?"

"मी आज जात नाही समुद्रावर," आतुंग म्हणाला.

शेजारच्या बोटीचा मालक फान मोठ्यांदा हसला. "अरे, कागदाला भितोस? वेडा का तू! चल, दिवे लाव." आणि मग तो चित्राकडे वाकला, आणि हसता हसता थांबला. "काका, मानफूच्या पलीकडे माझी बोट असते. ती कुठाय?"

"ती... ती वेळेअभावी काढायची राहिली."

"राहिली म्हणजे? त्या जागी नुसतं पाणी आहे."

"हो, पाणी आधी काढलं होतं."

फानचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मानफू बुडतेय, आणि माझी बुडून गेलीय!"

त्यानंतर जो तो पुढे येऊन आपली बोट शोधू लागला. एकाचीही सापडेना. ल्याओने इमानदारीने एकच बोट काढली होती, आणि ती बुडत होती. बाकीचं बंदर चित्रात रिकामं होतं. सूर्य कलला, तरी एकाही बोटीवर दिवा लागला नाही.

"मी फाडून टाकतो," ल्याओ घाईघाईने म्हणाला.

"फाडणार? माझी बोट फाडणार?"

"मग जाळू?"

"ऐकलं? जाळतोय आता!"

"समुद्रात टाकून देऊ?"

"टाक की!" पाओचू ओरडली. "आत्तापर्यंत अर्धीच बुडालीय!"

"मग मी घरी घेऊन जातो. गुंडाळून ठेवतो."

"गुंडाळणार?" फान म्हणाला. "काका, तुमच्या तोंडातून एक तरी चांगला शब्द येतो का हो?"

शेवटी सगळ्यांच्या मते एकच मार्ग उरला. चित्र पाटासारखं आडवं धरून मिरवणूक समुद्राची देवी माझू हिच्या देवळाकडे निघाली. पुढे आतुंग, मागे ल्याओ, त्याच्यामागे सगळं बंदर. देवळाची देखभाल करणारे शुएई काका रात्रीचा उदबत्तीचा पुडा सोडत होते. त्यांनी चित्र पाहिलं, आतुंगकडे पाहिलं आणि काही न विचारता देवीला कौल लावायचे तुकडे काढले. एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर असे चंद्रकोरीसारखे ते दोन लाल लाकडी तुकडे देवीसमोर जमिनीवर टाकायचे. एक पालथा नि एक उताणा पडला की होकार, दोन्ही पालथे पडले की नकार, आणि दोन्ही उताणे पडून डुलत राहिले की देवी हसली.

"आई," आतुंग गुडघ्यावर बसून म्हणाला, "हे चित्र अशुभ आहे का?"

तुकडे पडले. दोन्ही उताणे. डुलत राहिले.

"आई हसली," शुएई काका म्हणाले.

"नीट विचार," पाओचू म्हणाली.

आतुंगने पुन्हा टाकले. पुन्हा तेच. ल्याओला जरा लागलं. चित्र चुकलं होतं हे कबूल, पण इतकं हसण्यासारखं नव्हतं.

मग एकेक उपाय विचारला. जाळायचं? नकार. पुरायचं? नकार. ज्याने काढलं त्यानेच बोट पाण्याबाहेर काढून द्यायची? एक पालथा, एक उताणा. पुन्हा टाकलं, होकार. तिसऱ्यांदाही होकार.

"झालं," शुएई काका म्हणाले. "आईचा शब्द आला. पाहुणे, उद्या दिवे लावायच्या आधी बोट वर काढा."

घरी ल्याओ अंधार पडल्यानंतरही बराच उशिरा पोहोचला, तेव्हा युएशिया खूश होती. "रमलात वाटतं!"

"बाइशीच्या बोटी आज समुद्रावर गेल्या नाहीत."

"अगं बाई! वादळ आलं?"

"नाही. माझ्यामुळे."

त्याने सगळं सांगितलं. युएशियाने त्याच्यापुढे ताट ठेवलं. मग म्हणाली, "दुकानात तुम्ही फक्त गिऱ्हाइकं घालवत होता. ते स्वस्त पडलं असतं."

दुसऱ्या दिवशी बंदरात दिव्यांखेरीज सगळं सज्ज होतं. शेडमध्ये मासळीच्या टेबलावर चित्र ठेवलेलं होतं. टेबलाभोवती बाकं होती, बाकांवर माणसं आणि माणसांच्या हातात चहा. याओ बाईंना निरोप गेलाच होता. त्या पोस्टमनला घेऊन आल्या, चित्र पाहिलं आणि त्यांनी टोपीची गाठ सैल केली.

"ल्याओ, हा जलरंग आहे. ह्यात गडद रंगावर फिका बसत नाही. एकदा बुडलेलं वर काढता येत नाही."

"बाई, हळू बोला," ल्याओ कुजबुजला.

पण पाओचूने ऐकलं होतं. "काय म्हणाल्या? वर काढता येत नाही?"

"येतं, येतं!" बाई लगेच म्हणाल्या. शाळेत त्यांनी पालकसभा निभावल्या होत्या. "स्वच्छ पाणी घ्यायचं, ओल्या ब्रशने तो भाग हळुवार चोळायचा, कागदी रुमालाने टिपायचं. रंग निघून येतो. थोडाफार."

ल्याओने ब्रश पाण्यात बुडवला. बोटीच्या बुडावर टेकवला. हळूच चोळलं. टिपलं.

"बघा, निघतंय!" फान म्हणाला. "निळं निघालं!"

"जरा डावीकडून घे," कुणीतरी म्हणालं.

"डावीकडे इंजिन आहे, सांभाळून."

"असं काय कोंबडीला न्हाऊ घातल्यासारखं करता? जोर लावा की!"

ल्याओने जोर लावला. त्याला लोकांचं ऐकायची सवय नव्हती, सांगायची होती; त्यामुळे ऐकताना किती ऐकावं याचा त्याला अंदाज नव्हता. कागदाला लव सुटली. लवीचे बारीक गोळे झाले. ब्रशला काहीतरी विचित्र लागलं आणि त्याने हात उचलला.

मानफूच्या बुडाला, नेमकं पाण्याच्या रेषेखाली, करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यातून मासळीच्या टेबलाचा पत्रा चमकत होता.

कुणाच्या तरी कपातला चहा सांडला. पाओचू मटकन बाकावर बसली.

"आता पाणी आत शिरणार," ती म्हणाली.

ल्याओने ब्रश टेबलावर ठेवला. आपण ह्या वयात, ह्या टेबलावर, ह्या लोकांच्या हातून संपणार असं त्याला वाटलं. निदान वर्तमानपत्रात तरी नाव नीट छापून यावं. त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा आतुंग चित्रावर वाकलेला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी गेला होता. त्याला आता समोर काहीतरी ओळखीचं दिसत होतं. त्याने भोकात करंगळी घातली, कड चाचपली, भोक केवढं ते पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "हे होय! फान, राळ आण. आणि कापडाचा एक तुकडा."

"कसलं कापड?" बाईंनी विचारलं.

"फायबरचं. बोटीला ठिगळ लावतो ते."

"अहो, तो कागद आहे!"

"बाई, ती बोट आहे. माझ्या बोटीचं भोक चित्रकार बुजवणार काय? व्हा बाजूला."

मग जे सुरू झालं त्यात ल्याओला कुणी विचारलं नाही. आतुंगने चित्र पालथं घातलं ("उलटं करू नको!" "मागून केल्याशिवाय बसतं का, अगं? दोन मिनिटं डोळे मीट!"), मागून ठिगळ लावलं, त्यावर राळ ओतली. शेडभर असा वास सुटला की पोस्टमन बाहेर जाऊन बसला. राळ घट्ट झाल्यावर चित्र सुलट करून आतुंगने पॉलिशपेपरने ते घासलं. मग आपल्या बोटीतून रंगाचा डबा आणि एक रापलेला ब्रश घेऊन आला. तोच निळा, तोच लाल.

"आतुंग," ल्याओ हळूच म्हणाला, "जरा कमी लावलंत तर..."

"समुद्रावर कमी रंग टिकत नाही, काका."

आतुंगने मानफूचं बूड एका दमात वर उचललं. ब्रश चार बोटं रुंद, रंग घट्ट, हात सरळ. जुनं बूड निळ्या रंगाखाली कायमचं गेलं आणि नवं बूड पाण्यावर असं बसलं की बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तरली!" पाओचू म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

"मग माझी?" फान म्हणाला. "मी अजून पाण्याखालीच आहे." त्याच्या हातात हिरव्या रंगाचा डबा आधीच होता.

फानने आपली बोट काढली. ती मानफूपेक्षा लांब काढली, म्हणून आतुंगने मानफूला दिव्यांची एक जास्त रांग लावली. मग तिसऱ्याने पिवळा डबा आणला. जागा कमी पडली, तेव्हा धक्क्याच्या त्या सगळ्या मोजूनमापून काढलेल्या फरशा एकेक करून बोटींखाली गेल्या. ल्याओ प्रत्येक फरशीला मनात निरोप देत उभा राहिला. याओ बाईंनी सुरुवातीला विरोध केला, मग सल्ला दिला, आणि दुपारनंतर बाही वर सारून "तो लाल इकडे द्या पाहू," म्हणाल्या.

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा चित्रात गावातली प्रत्येक बोट ताठ मानेने तरंगत होती. पाणी जवळपास उरलं नव्हतं. आकाश तेवढं ल्याओचं होतं, कारण आकाशात कुणालाच बोट ठेवायची नव्हती. देवीला एकदा विचारलं, पहिल्या फटक्यात होकार आला, आणि बोटी समुद्रावर गेल्या. मासळी रोजच्याइतकीच मिळाली. पण पाओचू पुढचे कित्येक दिवस "त्या रात्रीची माकुळं" अशी वेगळी आठवण काढत असे.

आतुंगने जबरदस्तीने कोपऱ्यात ल्याओची सही घेतली. "तुमचंच चित्र आहे, काका. आम्ही फक्त दुरुस्ती केली."

इथं सगळं संपलं असतं. पण वर्गाच्या शेवटी समाजमंदिरात प्रदर्शन होतं, प्रत्येकाने एक चित्र द्यायचं होतं, आणि ल्याओकडे दुसरं पूर्ण झालेलं चित्रच नव्हतं. बाकीची वाऱ्याने नेली होती किंवा ओघळली होती. तेव्हा तेच गेलं. ते इतकं जड झालं होतं की पहिला खिळा उपटून पडला. आतुंगने नांगराचा हुक आणून ठोकला.

प्रदर्शनाला बाइशीचं अख्खं बंदर आलं. माणसं धुतलेले शर्ट घालून आली होती आणि आपापल्या बोटीसमोर उभं राहून फोटो काढून घेत होती. शहरातून परीक्षक आले होते, पांढऱ्या दाढीचे आणि मऊ आवाजाचे. भिंतीवरची नीटस फुलं, नीटस डोंगर, पोस्टमनचं नीटस दीपगृह बघत बघत ते ल्याओच्या चित्रापाशी आले आणि थांबले. मागे सरकले. पुढे आले. वास घेतला.

"हे कुणाचं?"

आतुंगने ल्याओला पुढे ढकललं.

"ह्या बोटी!" परीक्षक म्हणाले. "किती वर्षांनी इतका निर्भय हात पाहतोय मी! हा थर, हे वजन! ही निळी बोट बघा. ही समुद्राला घाबरतच नाही."

आतुंगची छाती शर्टाच्या गुंड्यांना झेपेना.

"फक्त," परीक्षकांनी मान कलती केली, "आकाश. आकाशात चित्रकार डगमगलाय. तिथं नवखेपणा दिसतो. बोटी काढणाऱ्या हाताला हे शोभत नाही."

ल्याओला ते झोंबलं. पण त्याने जन्मात कधी दुसऱ्याची जमीन कुणाच्या नावावर चढवली नव्हती. "साहेब," तो म्हणाला, "बोटी माझ्या नाहीत."

परीक्षक गहिवरले. त्यांनी ल्याओचा हात दोन्ही हातांत घेतला. "खरंय. काढून झाल्यावर त्या आपल्या राहतच नाहीत! हे कळायला कलावंताला आयुष्य जातं."

"तसं नाही साहेब, खरोखरच..."

"नम्रता पुरे," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी चित्राला बक्षिसाची लाल फीत लावून टाकली. बंदराने असा जल्लोष केला की पोस्टमनचं दीपगृह भिंतीवर वाकडं झालं.

त्यानंतर आतुंगला आवरणं कठीण झालं. "आकाशाचं मनाला लावून घेऊ नका, काका," तो ल्याओच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "या एकदा बंदरात, शिकवतो. मोठा ब्रश घ्यायचा आणि घाबरायचं नाही. बास." थोड्या वेळाने फाननेही येऊन तेच सांगितलं. मग पाओचूने सांगितलं. ल्याओ सगळ्यांना मान डोलवत राहिला. लाल फीत त्याच्या नावाखाली लटकत होती आणि त्याला ती कुणा दुसऱ्याची उसनी टोपी घातल्यासारखी वाटत होती.

युएशिया दुकान आवरून आली तेव्हा गर्दी ओसरली होती. हाताला अजून तेलाचा वास होता. ती चित्रासमोर उभी राहिली. ल्याओ तिच्या एका बाजूला, आतुंग दुसऱ्या बाजूला.

"ह्यातलं काहीकाही कोळ्यांनी केलंय म्हणालात ना?"

"हो."

"पण बोटी तुमच्या, ते लगेच कळतं." तिने बोटाने रंगाचा थर दाखवला. "आपलं फाटक रंगवलंत तेव्हा अस्साच ढीगभर रंग फासला होतात. अजून उघडताना चिकटतं."

आतुंगने घसा खाकरला, आणि मग त्याला दाराजवळ कुणीतरी ओळखीचं दिसलं.

"आकाश मात्र..." युएशिया थांबली. दिवसभर तव्याच्या धगीसमोर उभं राहून तिचा चेहरा ओढलेला होता; तो हळूहळू सैल पडला. "आकाश कुणी काढलं हो? किती सुंदर आहे. बघत राहावंसं वाटतं."

ल्याओ एक पाऊल पुढे सरकला.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"मीच."

युएशियाने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि आकाशाला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"मग इथं हा डाग कसला पडलाय?"

"तो ढग आहे."

तिने ढगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा ढगाकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे आली आणि चष्मा काढून घडी घातली.

"ह्याच्याशिवायच चांगलं दिसत होतं," ती म्हणाली. चष्मा तिने पर्समध्ये ठेवून दिला, आणि समाजमंदिराचे दिवे मालवायला माणूस येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.